एकशे ऐंशी मीटर आणि जयाबाईंचा चहा

बोरगावात बातमी अशी उठली की वीरेंद्र मगदूमच्या पायाची दहाही बोटं बर्फात तुटून पडली आणि पठ्ठ्यानं ती पत्र्याच्या डब्यात भरून घरी आणली. निपाणीच्या बसमध्ये ही बातमी चढली तेव्हा बोटंच होती. उतरेपर्यंत गुडघ्यापासून पाय गेला होता. खरं एवढंच होतं की डाव्या पायाची दोन बोटं शेंड्याला काळी पडली होती, आणि डब्यात होती नेपाळातली चहापत्ती. आईसाठी आणलेली. त्यापेक्षा बोटं आणली असती तर बरं झालं असतं, असं वीरेंद्रला तासाभरातच वाटायला लागलं.

वीरेंद्र साखर कारखान्यात फिटर. वय एकोणचाळीस. धुराड्यावरचा लाल दिवा गेला की बाकीच्यांना अचानक पाठदुखी सुरू व्हायची आणि हा मुकाट्यानं शिडीला लागायचा. त्यातनं उंचीचं वेड शिरलं. बेळगावच्या गिर्यारोहकांच्या नादाला लागून हिमालयात दोन कोर्स करून आला, आणि मग सहा वर्षं दुसऱ्यांच्या दिवाळीच्या ड्युट्या स्वतः करून रजा साठवली. कशासाठी, तर नेपाळातल्या सात हजार मीटरच्या वरच्या एका डोंगरावर ऐन जानेवारीत चढायला. जानेवारीत कारखान्याचा हंगाम भरात. साहेबांनी रजेवर सही केली ती पेन मोडेल अशी.

"उन्हाळ्यात का जाईनास?" शेजारच्या जिनाप्पा अण्णांनी कट्ट्यावरनं विचारलं होतं.

"उन्हाळ्यात सगळेच चढत्यात, अण्णा."

"मग सगळ्यास्नी अक्कल हाय म्हणायची."

सहाजण गेले होते. त्यातले चौघं खालच्याच तंबूंतनं खोकत परतले. शेवटच्या दिवशी वर निघाले ते दोघंच, वीरेंद्र आणि त्यांचा म्होरक्या, बेळगावचा रविराज. रविराजचा नियम एकच होता: घड्याळात एक वाजला की जिथं असाल तिथनं माघारी. थंडीतला दिवस आखूड, चारनंतर त्या वाऱ्यात माणूस टिकणं कठीण. वारा तर असा, की बॉयलरची वाफ सुटावी तसा कानाला लागून शिट्टी मारत होता, आणि पायाखालचा बर्फ निळा, काचेसारखा. बूट आपटला तरी तळव्याला बांधलेले लोखंडी दात रुतायचे नाहीत.

एकला दहा कमी असताना टोक समोर होतं. उन्हात चमकत होतं. एकशे ऐंशी मीटर राहिलं, असं उंचीच्या यंत्रानं सांगितलं. आणि तेवढ्यात रविराज हातमोजा बदलायला खाली बसला तो बसलाच. बोटं वळेनात, जीभ जड झालेली.

"तू जा," तो म्हणाला. "मी हितंच बसतो."

वीरेंद्रनं वर बघितलं. रविराजकडं बघितलं. घड्याळाकडं बघितलं. सहा वर्षांच्या दिवाळ्या एका झटक्यात डोळ्यांसमोरनं गेल्या. मग त्यानं एक सणसणीत शिवी हासडली, कुणाला ते त्यालाही सांगता आलं नसतं, आणि रविराजला दोरात घेऊन तो खाली वळला. तंबूपर्यंत सहा तास लागले. रविराज जगला. आता बेळगावात दोन्ही हातांनी जेवतो.

घरी आल्यावर वीरेंद्रनं पाया पडून चहापत्तीचा डबा आईच्या हातात दिला. जयाबाईंनी डबा उलटसुलट केला, वास घेतला, आणि फळीवर ठेवून दिला. सगळ्यांना चहा केला. स्वतः गरम पाणी प्याल्या.

"आई, तू?"

"मला नको."

दिवसातनं सहा वेळा चहा घेणारी बाई. वीरेंद्रला वाटलं, अंगात ताप आहे. तो स्वयंपाकघरात बायकोला, श्रद्धाला विचारायला गेला, तेव्हा खरं कळलं. तो निघाला त्या दिवशी आत्तींनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, बसदीत, गावच्या जैन मंदिरात, देवासमोर नेम घेतला होता: पोरगं टोकावर पोचेपर्यंत चहा वर्ज्य.

"टोकावर?" वीरेंद्र म्हणाला. "घरी परत येईपर्यंत, असं म्हणाय काय झालतं?"

"मला काय विचारतायसा. मी तवा पोरांची दप्तरं भरत हुतो."

जयाबाईंचीही चूक म्हणवत नाही. त्यांना डोंगर ठाऊक तो बाहुबलीचा. पायऱ्या चढायच्या, दर्शन घ्यायचं, उतरून पोहे खायचे. अर्ध्या पायऱ्यांवरनं कोण माघारी येतं? वर पोचला म्हणजे आलाच की घरी, असा त्यांचा हिशेब.

वीरेंद्र बसदीतल्या उपाध्यांकडं गेला. ते म्हणाले, नेम मोडता येतो, प्रायश्चित्त आहे, पण ज्यानं घेतला त्यानंच मागायला पाहिजे. त्यानं आईला तसं सांगितलं. आई म्हणाली, "देवाला बोललेलं मी मागारी घेऊ व्हय? तू मागारी आलास तेवढं पुरं."

हे वाक्य लागलं. लागायलाच टाकलेलं होतं.

पुढं घरात जे सुरू झालं त्याला उपमा नाही. जयाबाईंचं डोकं सकाळी सातला चढायचं आणि तिन्हीसांजेला उतरायचं. दूधवाल्याला पाण्यावरनं, पोरांना दूध सांडण्यावरनं, श्रद्धाला श्वास घेण्यावरनं बोलणी. तरी सगळ्यांचा चहा स्वतःच करायच्या, आणि उकळी फुटली की पातेल्यावर तोंड धरून उभ्या राहायच्या. ते बघून वीरेंद्र अर्धा कप मोरीत ओतायचा. श्रद्धा सरळ जिनाप्पांकडं जाऊन चहा पिऊन यायला लागली.

गल्लीनं तर कहर केला. जिनाप्पा अण्णांनी शेताची टेप आणून मगदूमांच्या उंबऱ्यापासून मोजलं. एकशे ऐंशी मीटर बरोबर बसदीच्या कमानीपाशी संपत होतं.

"एवढंच राहिलतं व्हय रं?" अण्णा टेप गुंडाळत म्हणाले. "हितनं आमची म्हैस जाऊन येती."

"ते आडवं न्हाय अण्णा, उभं हाय. तेवढ्याला तीन तास लागतात."

"उभं तर उभं. धुराडं काय आडवं हाय?"

वीरेंद्र आधी समजावून सांगायचा. मग फक्त मान हलवायला लागला. शेवटी कमानीकडनं जाणंच टाळून मागच्या बोळातनं कारखान्याला जाऊ लागला. जखमेची पट्टी करणाऱ्या डॉक्टरांनी बजावलं होतं की या बोटांना परत तसली थंडी लागली तर कापावीच लागतील. साहेबांनीही सांगून टाकलं, हंगामात पुन्हा सुट्टी मागितलीस तर कायमचीच देतो. म्हणजे पुन्हा जाणं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक झालं होतं. आईला सांगायचं तेवढं राहिलं होतं. रोज सांगायचं म्हणायचा, आणि रोज पातेल्यापाशी उभी आई दिसली की चपला घालून बोळाला लागायचा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सोप्यात माणसं बसली होती. जयाबाई कप वाटत होत्या.

"ह्येच्या पुढच्या थंडीला जाऊन टेकून ये की रं," जिनाप्पा अण्णा बशीत फुंकर मारत म्हणाले. "म्हातारी तरी सुटंल."

"मला काय घाई न्हाय," जयाबाई म्हणाल्या. "पुढच्या जानेवारीपतूर थांबीन मी. रजा तेवढी आत्तापासनं साठवाय लाग."

वीरेंद्रनं कप खाली ठेवला.

"आई, मी जाणार न्हाय. पुढच्या वर्षी न्हाय, कधीच न्हाय. तिथनं वर गेलो असतो तर तुझा नेम फिटला असता, आणि रविराजच्या आईनं जन्मभर काय काय सोडलं असतं ते तू मोज. मी मला जमलं तेवढं चढून, माणूस घेऊन घरी आलोय. राहिलेला डोंगर तुझा आणि देवाचा हाय. त्यो तुम्ही दोघांनी बघा."