मावशींची थोरली आणि धाकटी

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर कपडे शिवणाऱ्या मावशी राहतात. त्यांच्या खोलीत दोन मशिनी आहेत. पायाने चालवायची काळी ती थोरली, विजेवरची ती धाकटी. दोरा तुटला की मावशी म्हणतात, "थोरली रुसली." तेल घालताना म्हणतात, "गप बस गं, झालंच." नवरा कधीच गेला, मूलबाळ नाही. पंचवीस वर्षं शिवून त्यांनी ती खोली घेतली, पण कपडे वेळेवर म्हणून देत नाहीत. विचारलं तर उत्तर तयार, "धाकटीला बरं नव्हतं!"

माझी आठ वर्षांची लेक शाळा बदलल्यापासून घरात बोलेनाशी झाली. शाळा सुटली की खालीच जाऊन बसते. एकदा वर येऊन म्हणाली, "धाकटीचा पाय मोडला." घाईत वाटलं कुणाची पोर पडली, मी बँडेज घेऊन धावले. मोडला होता तो मशीनचा, कापड दाबून धरणारा पाय. मावशी पोट धरून हसल्या. लेकही हसली. माझ्यासमोर महिनाभरात ती तशी हसली नव्हती. माय मरो पण मावशी जगो म्हणतात, ते हेच.

मग मीही करून पाहिलं. "मिक्सर आज रागावलाय वाटतं."

"आई, तो बिघडलाय. दुरुस्तीला दे."

काल ठरवूनच खाली गेले, उद्यापासून पोरीला पाठवायचं नाही. स्वतःला पोर नाही म्हणून काय माझी घ्यायची? दाराशी पोचते तो लेकीचा आवाज.

"मावशी, धाकटीला डबा खाताना कुणी शेजारी बसू देत नाही."

"मग काय करते बिचारी?"

"पायरीवर बसून खाते."

मशीन कुठे डबा खाते! आत शिरले. "काय झालं गं शाळेत? मला सांग ना." लेकीने मान खाली घातली.

मावशी दोरा ओवत हळूच म्हणाल्या, "ताई, धाकटीला विचारा."

लाज वाटली, त्याहून जास्त राग आला. माझ्याच लेकीशी कसं बोलायचं हे आता या बाईने शिकवायचं? तरी धाकटीसमोर बसले, मशीनवर हात ठेवला.

"कोण बसू देत नाही गं तुला?"

"खिडकीजवळच्या तिघी," लेक म्हणाली.

उत्तर मला दिलं. बघत मात्र होती मावशींकडे.