रुख्मिणीबाईंकडच्या किल्ल्या

एस.टी. बंद पडल्यापासून दोघी पायीच चालत होत्या. मेडशी अजून लांब होती. रंजीताच्या चपलेचा अंगठा तुटलेला, आणि पुढं रुख्मिणीबाई पदर खोचून अशा सुटलेल्या, की कमरेचा किल्ल्यांचा जुडगा पावलागणिक वाजत होता.

"हळू चाला वं मावशी!"

"हळू चालीन तं मिस्त्री थांबंल काय? तुले म्हनलंच होतं, घरी राह्य."

मिस्त्री थांबणार नव्हता, हे खरंच. मालेगावातली त्यांची तीन मजली सोसायटी इतकी जुनी झाली होती, की कॉलमच्या सळया बाहेर डोकावत होत्या. पाडायची गरज नाही, पण खालपासून वरपर्यंत प्रत्येक कॉलम भरून काढावा लागेल, असं इंजिनिअरनं सांगितलं होतं. काम रेटत आलं आणि अडलं ते सोमलाच्या खोलीपाशी. कोपऱ्याचा कॉलम त्याच्याच घरातून वर जात होता, आणि घराला कुलूप; तो मेडशीकडं तूर कापायला गेलेला. उद्या उघडलं नाही तर माणसं दुसऱ्या कामावर नेतो, असं मिस्त्री बजावून गेला होता.

दिवाळी झाली की निम्मी सोसायटी ऊसतोडीला जाते. जाताना सगळे किल्ली रुख्मिणीबाईंकडं देतात. कोणाची कोणती ते कळावं म्हणून त्या घरातल्याच कापडाची चिंधी तिला बांधलेली असते. ही इमारत उभी राहताना त्यांनी डोक्यावर घमेली वाहिली होती. पुढं त्यातच खोली मिळाली. पण राखण करावी तर सगळ्याच खोल्यांची, असा त्यांचा स्वभाव.

या दुरुस्तीत त्यांनी फोनवर एकेकाला विचारूनच घर उघडलं. काम चालू असेतो उंबऱ्यात बसून राहिल्या. कोणाच्या घरचं देवघर हलवायचं झालं की शेजारच्या रंजीताला हाक मारायच्या. "मी बुद्धाची, बाई. तुह्या देवायले तू उचल, त्यायले बरं वाटंल." काम झालं की समईची वातसुद्धा पहिल्यासारखी लावून घ्यायच्या. रंजीता बघत राहायची. एवढं आपण आपल्या देवाला तरी जपतो का, असं तिला वाटायचं.

फक्त सोमलानं किल्ली ठेवली नव्हती. फोनवर 'नाई' म्हणून त्यानं फोनच बंद केला.

"तोडा ना कुलूप," सगळे म्हणाले. त्यावर रुख्मिणीबाई एवढंच बोलल्या, "तोडलं तं बिल्डिंग वाचंल. मंग किल्ली माह्यापाशी कोन ठेवंल?"

मेडशीच्या पलीकडं, तुरीच्या शेतात सोमला सापडला. विळा न टाकताच बोलला, "सांगलं व्हतं न मावशी. कायले आल्या?"

"पानी तं पाज आधी. का तेही नाई म्हनतं?"

तो ओशाळला. पाणी दिलं, मग हळूच म्हणाला, "दुरुस्तीच्या नावानंच माह्या बापाले खोली खाली कराले लावली व्हती. मरेस्तोर परत भेटली नाई."

रुख्मिणीबाईंनी समजूत घातली नाही, की शपथ घेतली नाही. त्यांनी जुडगा सोडला, हिरव्या काठाची चिंधी बांधलेली किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"हे माह्या घरची. दुसरी नाई. तुह्यं घर तुह्या हाती येईस्तोर माह्यं तुह्यापाशी. आमी शब्दापासून फिरलो, तं खुशाल येऊन राह्य तिथं."

"आन् तुमी?"

"माह्यं मी पाहीन."

सोमलानं विळा खाली ठेवला. मग बंडीच्या खिशातून आपली काढून दिली. रंजीताचे हात आपोआप जुळले. कोणी बघू नये म्हणून तिनं त्याच हातांनी तोंडावरचा घाम पुसला.

परत फाट्यावर येऊन दोघी एस.टी.ची वाट बघत बसल्या तेव्हा तिला एकदम आठवलं. "मावशी, आता तुमी जासान कुठं? कमरेले इतकी घरं हायेत, एखादं उघडा अन् झोपा."

"ते लोकायचे हायेत," रुख्मिणीबाई म्हणाल्या. एवढी तरातरा चालणारी बाई पहिल्यांदाच अवघडलेली दिसली.

"रंजीता, सोमलाचं घर होईस्तोर तुह्याकडं निजू देशीन काय मले? आन् एक लुगडं बी लागंल. माहे सारे आतच रायले."