चालत दिलेली परीक्षा

माझी मामेबहीण आयुष्यात कधी एका जागी ठरली असेल तर ती फक्त झोपेत, आणि तेही मामीला मान्य नव्हतं. रात्री दाराशी निजवलेली पोर सकाळी चुलीपाशी सापडते, असं मामी सांगायची. साठच्या दशकात मी शिकायला मामाकडे, वरवे बुद्रुकला राहिले, तेव्हाची ही गोष्ट. पाण्याला पाठवलेली ही बया तासाभराने काखेत कोणाचं तरी करडू घेऊन यायची आणि हंडा विहिरीवरच राहायचा. तव्यावर भाकरी टाकून एसटी आली का बघायला पळायची. भाकरीचा कोळसा व्हायचा आणि ही कंडक्टरच्या घरची खबरबात घेऊन परतायची.

शाळेत तर कहरच. बसवलं की तिला सातचा पाढासुद्धा आठवत नसे. पण एकदा मळणीच्या दिवसांत आमचे गुरुजी मामाच्या खळ्यावर आले आणि उभेच राहिले. मेढीच्या खांबाभोवती फिरणाऱ्या बैलांमागे चालत ही सतराचा पाढा, नद्या, घाट, सगळं घडाघडा म्हणत होती. गुरुजींनी विचारलं, हे वर्गात का येत नाही? ती म्हणाली, "बसलं की समदं सांडतंय, गुर्जी. चाललं की ऱ्हातंय."

दुसऱ्या दिवसापासून तिला वर्गात भिंतीकडेने चालायची मुभा मिळाली. आम्हा बाकीच्यांना मात्र उठलं की छडी. मला तिचा असा हेवा वाटायचा!

आम्हा दोघींची सातवीची परीक्षा नसरापूरला होती आणि मामाने निकाल आधीच लावून ठेवला होता: पास झाली तर भोरला पुढे शिकायला, नापास झाली तर वैशाखात लग्न. स्थळही बघून ठेवलं होतं. तेव्हापासून ती चालायची, पण बोलायची नाही.

परीक्षेवर बाहेरून आलेले पर्यवेक्षक म्हणजे भारदस्त देह, काळा कोट आणि हातात छत्री. गुरुजींनी पहिल्या पेपरालाच त्यांना गाठलं आणि हिची सगळी तऱ्हा सांगितली. साहेबांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "उमेदवार नजरेआड होता कामा नये, असा नियम आहे. चालता कामा नये, असा नियम माझ्या तरी वाचनात नाही."

आणि मग जे सुरू झालं ते काय सांगू! प्रश्न अडला की ही टाक खाली ठेवून अंगणात जायची आणि झेंड्याच्या खांबाभोवती फेऱ्या घालायची. ती नजरेआड होऊ नये म्हणून मागोमाग साहेब, उन्हात, छत्री उघडून. उत्तर सापडलं की ही पळत आत, आणि साहेब धापा टाकत तिच्यामागे. आमच्या वर्गावर दुसरे मास्तर होते, पण तेही खिडकीशीच. कुंपणापाशी माणसं जमली. एका म्हातारीने तर वहाणा काढल्या आणि हात जोडून साहेबांच्या मागे चालायला लागली. देव कुठला बसवलाय, हे तिने तिसऱ्या फेरीला विचारलं. साहेबांनी तोंडावर बोट ठेवलं आणि फेरी पुरी केली. माझी दोन गणितं त्या नादात राहिली, पण त्याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही.

ती पास झाली. गुरुजी निकाल सांगायला सायकल तशीच रस्त्यात टाकून धावत आले. मामाने आधी स्थळाकडे नकार कळवला, मग गावभर साखर वाटली. भोरला जाण्याआधी तिला साहेबांच्या पाया पडायचं होतं, पण त्यांची बदली झाली होती. कुठे, ते कोणाला नीटसं ठाऊक नव्हतं. ते पुन्हा कधी भेटले नाहीत.

आज ती आजी झाली, तरी बसत नाही. आम्ही दोघी फिरायला निघालो की ती पुढे आणि मी मागे. मधेच थांबून ती माझ्याही पलीकडे, रिकाम्या रस्त्याकडे बघते. एकदा मी विचारलं, काय बघतेस गं?

"काय न्हाई," ती म्हणाली. "सायेब दमलं का काय, ते बगते."