मधली तार

उकड्या तांदळाचा वास आला की गोंदियाची ती गिरणी आठवते. वीज नवी होती आणि वायरमनची जागा एकच. त्या जागेसाठी परीक्षा म्हणून गिरणीच्या मिस्त्रीनं मला आणि माझ्या सोबत्याला, सुकरामला, एकेका पाटीवर तारांचं सारखंच जाळं काढून दिलं आणि ते सोपं करून गणित सोडवायला सांगितलं. मधल्या तारेच्या दोन्ही टोकांना विजेचा दाब सारखा होता, म्हणून तिच्यातून वीज वाहतच नव्हती. ती पुसली की गणित दोन ओळींचं.

"मधली तार काढून टाकू का गा?" सुकरामनं हळूच विचारलं.

मी माझ्या पाटीवरची कधीच पुसली होती. "मंग मिस्त्रीनं घातली कायले असन?" मी म्हणालो.

त्यानं ती ठेवली. तिच्यापायी त्याचं गणित वेळेत अर्धंच राहिलं. जागा मला मिळाली. त्याला तसं म्हणणं तेव्हा मला हुशारी वाटली.

घरी जाताना तो म्हणाला, "बरं झालं तू सांगतलं. नाही तं चुकलोच असतो." मी मान हलवली आणि त्याच्या बिडीवर माझी बिडी पेटवून घेतली.