धाकलूचा पाय, सोनुबाईचा कासरा

कोंडाण्याच्या लेण्यांच्या पायथ्याला धाकलूइतका हेकट गाडीवान दुसरा नव्हता, आणि हे मी कौतुकानेच सांगतो. जंगलातल्या भट्ट्यांवरून कोळशाची पोती बैलगाडीने सडकेपर्यंत आणायची आणि तिथे ठेकेदाराच्या लॉरीत चढवायची, हे त्याचं काम. लढाईचे दिवस. पेट्रोल मिळेना म्हणून ठेकेदाराने लॉरीला कोळशाच्या गॅसची टाकी बसवून घेतली होती. जो माल वाहायचा तोच जाळत ती चालायची आणि चढ आला की धापा टाकायची.

त्रेचाळीस सालच्या फाल्गुनात ती भरलेली लॉरी चढावर बंद पडली आणि मागे सरकू लागली. सगळे बाजूला पळाले, धाकलू मात्र तिच्याकडे धावला. बैलगाडी अशी सरकली की गाडीवान चाकाच्या आऱ्यांना खांदा देतो, पाय रोवून उभा राहतो, तेवढ्यात दुसरा कुणी चाकाखाली दगड सारतो. वीस वर्षं त्याने हेच केलं होतं, तेच अंगाने आपोआप केलं. लॉरीच्या चाकाला आरे नव्हते आणि वजन दहा गाड्यांचं. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली चाकात सापडला.

मुंबईच्या दवाखान्यात पाच महिने गेले. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, जखम भरायचं नाव घेईना. डॉक्टरांनी शर्थ करून पाय वाचवला. घरी पाठवताना दोन कुबड्या दिल्या आणि म्हणाले की आता जन्मभर याच.

घरी आल्यावर धाकलूने बायकोला, सोनुबाईला, रोखठोक सांगितलं, "माज्या पायानं दांडीवर चडनार आन् गाडी हाकनार. त्ये जमनार नसंल तर बैल इकून टाक. मला त्ये दारात बगवनार नाय."

बैल विकायचे म्हणजे पोटच्या पोरांना वाटेला लावण्यासारखं. सोनुबाईने दिवाळी होऊ दिली आणि एका सकाळी स्वतःच बैल जुंपले. आमच्याकडे बाईने गाडी हाकायची रीत नव्हती. तिने पदर खोचला, कासरा हातात घेतला आणि नवऱ्याला म्हणाली, "कुबड्या ऱ्हाऊ द्या घरात. मागची फळी धरा नि चला."

त्या दिवसापासून बायको गाडीवर पुढे आणि नवरा फळी धरून मागे, अशी वरात निघायची. पाराशी बसलेल्यांना करमणूकच झाली. "धाकल्या, सासरी नेते का काय रं तुला?" असं कुणीतरी रोज विचारायचं. धाकलू उलट विचारायचा, "तुला कोन नेत नाय म्हून जळतोस का रं?" तो दमून फळी सोडायचा तेव्हा सोनुबाई बैल थांबवायची. पहिल्या महिन्यात गाडी वेशीपर्यंत चारदा थांबे. पुढे दोनदा, मग एकदा.

दुसऱ्या हिवाळ्यात पाय पुन्हा सुजला, जखम उघडली आणि तिच्यातून हाडाची बोटाएवढी कपची बाहेर आली. दोन महिने तो खाटेवर पडून होता. तेव्हा मात्र तो खचला. मी भेटायला गेलो तर भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "बैलांना गिऱ्हाईक बग." सोनुबाईने ऐकलं आणि मला चहा दिला नाही. कडुनिंबाच्या पाण्याने जखम धूत राहिली. जखम भरली तशी तिने परत गाडी जुंपली आणि तो परत फळी धरून उभा राहिला.

शेहेचाळीसच्या चैत्रात खालापूरच्या रस्त्याला, एका चढाखाली, त्याने फळी सोडली. सोनुबाईने नेहमीसारखा कासरा ओढला.

"थांबू नको," तो म्हणाला. "हाक."

"पडाल."

"पडलो तर उटंन. तू हाक."

तिने गाडी हाकली. मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर थांबले असते, असं ती नंतर म्हणाली. चढ संपल्यावर तिने गाडी उभी केली. तो लंगडत, घामाघूम, शंभरएक पावलं एकटा चालत वर आला. गाडीला वळसा घालून पुढे गेला, सगळा भार उजव्या पायावर टाकला, डावा दांडीवर ठेवला आणि चढून बसला. सोनुबाई सरकली. तिने कासरा त्याच्या हातात दिला.

त्याने जुनी हाळी दिली. बैल हलले नाहीत. त्याने पुन्हा दिली, कासरा झटकला. दोघेही बैल कान टवकारून तसेच उभे राहिले.

सोनुबाई हळूच म्हणाली, "चल रं माज्या लेका." बैल चालू लागले.

 धाकलूने कासरा तिच्या मांडीवर ठेवला. "ऱ्हाऊ दे तुज्याकडंच," तो म्हणाला, "मी पोती चडवीन." आणि तीन वर्षांत पहिल्यांदा, भर रस्त्यात, तिच्या खांद्याला टेकून तो रडला.