साहेबाची दोन बाकं

आमच्या चर्चमध्ये दोनच बाकं होती आणि ती दोन्ही साहेबाची. बाकी सगळी मंडळी खाली सतरंज्यांवर बसायची. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, आणि पोरं आईचा चिमटा पोचणार नाही अशा अंतरावर. बाकं सागवानाची, वेताच्या पाठीची, अगदी पुढे. एकावर मिशनरी साहेब बसायचे, दुसऱ्यावर मडमसाहेब. हे असं का, हा प्रश्न मला तिशी उलटेपर्यंत पडला नाही, याची आजही लाज वाटते. मी शाळेत शिकवत होते, आणि एरवी प्रश्न विचारून समोरच्याला भंडावून सोडण्यात माझा हात कोणी धरला नसता.

चर्च इंग्रजांच्या काळातलं. काळ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, आणि दाराशेजारच्या संगमरवरी पाटीवर ते बांधणाऱ्या साहेबाचं नाव. त्या साहेबाने किती दगड उचलले ते देव जाणे. माझ्या आजीने, म्हणजे आईच्या आईने, मात्र या भिंतींसाठी चुन्याची घमेली डोक्यावर वाहिली होती. आजी स्वतः ख्रिस्ती झाली नाही. पण कामावर येता-जाता तिने मिशनची शाळा पाहिली आणि थोरल्या मुलीला तिथे नेऊन बसवलं. ती मुलगी म्हणजे माझी आई. तिचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला आणि पुढे ती बायबलबाई झाली. खांद्याला पिशवी अडकवून गावोगाव पायी जायचं, बायकांना ओट्यावर जमवून शास्त्र वाचून दाखवायचं, कोणी हौशी निघालीच तर तिला चार अक्षरं शिकवायची, हे तिचं काम. तीस वर्षं तिने घाटंजी आणि आर्णीकडची खेडी पायाखाली घातली. मंडळीतली कितीतरी घरं तिच्या पायपिटीने आलेली होती.

साठ सालानंतर साहेब आणि मडमसाहेब आपल्या देशाला परत गेले. त्यांच्या जीपला हार घालताना सगळे रडले, मीही रडले. नवे पाळक आमच्यातलेच आले. बाकं मात्र होती तिथेच राहिली. दर शनिवारी कंपाउंडरकाका ती ओल्या फडक्याने पुसायचे आणि रविवारी पाळक दोन रिकाम्या बाकांकडे पाहत उपदेश करायचे. कंपाउंडरकाका म्हणजे आमचे थोरले पंच. मिशनच्या दवाखान्यात जन्मभर पुड्या बांधून ते निवृत्त झाले होते आणि चर्चमध्ये पाळकांपेक्षा त्यांचाच शब्द चाले.

त्याच सुमारास आईचे गुडघे गेले. खाली बसली की उठवायला दोघीजणी लागायच्या. एकदा प्रार्थनेला सगळी मंडळी उभी राहिली आणि ती एकटी खाली राहिली. त्यानंतर तीन रविवार ती चर्चला आलीच नाही.

"घरी बी देव ऐकतेच न," ती म्हणाली.

पण उपासनेची घंटा झाली की तिच्या हातातलं काम थांबायचं. जिने जन्मभर लोकांना चर्चमध्ये बोलावून आणलं, तिलाच आता चर्च सुटणार होतं. मला रडू यायचं आणि रागही यायचा. रागच जास्त.

अशाच एका रविवारी मामा आला. आईचा हा धाकटा भाऊ दिग्रसला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. छप्पन साली नागपूरला जाऊन तो बौद्ध झाला होता. बहीण-भावाची धर्मावरून जुंपायची, पण एकमेकांवर जीवही तेवढाच.

"काहून बाई, चर्च बंद पडलं का?" त्याने दारातूनच विचारलं.

आईने गुडघ्यांवर हात ठेवला. बाकांची हकिकत मी सांगितली. मामा आधी पोट धरून हसला आणि मग हसता हसता थांबला.

"आमी तेहतीस कोटी देव एका दिवसात सोडले. तुमच्यानं दोन बाकं सुटून नाही राह्यली?"

हे मला भलतंच झोंबलं, कारण त्याचं खरं होतं. मी पदर खोचला, तडक कंपाउंडरकाकांचं घर गाठलं आणि आईला बाकावर बसू द्या म्हणून सांगितलं.

"साहेबाची जागा हाये ते," काका म्हणाले.

"साहेब गेले न, काका."

"गेले म्हणून काय झालं? बाप नसला म्हणून बापाच्या जागेवर बसते का कोणी?"

काकांना आईबाप नव्हते. दुष्काळात मिशनने त्यांना उचलून आणलं, वाढवलं. त्यामुळे त्यांचं हे बोलणं नुसतं हांजी हांजी नव्हतं, एवढं मला त्या रागातही कळलं. पण पुढे ते म्हणाले, "बाईसाठी स्टूल ठेवतो न. मांगच्या दरवाज्यापाशी."

मागच्या दरवाज्यापाशी सगळ्या मंडळीच्या चपला असत. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

पुढच्या रविवारी मी आईला दोन्ही सतरंज्यांमधून हाताला धरून थेट पुढे नेलं आणि साहेब बसायचे त्याच बाकावर बसवलं.

"पोरी, लोक पाहून राह्यले," ती कुजबुजली.

"पाहू दे."

पाळकांनी गीताचा नंबर दोनदा चुकवला. उपासना संपल्यावर काका आईजवळ आले. "मोठे साहेब येऊन राह्यले पुढच्या महिन्यात. तवा मात्र उठा लागन."

"उठीन न," आई म्हणाली. घरी आल्यावर मी तिच्याशी तासभर बोलले नाही.

मोठे साहेब म्हणजे मिशनचे मुख्य. चर्चची इमारत रीतसर मंडळीच्या नावावर करून द्यायला ते येणार होते. त्या दिवशी चर्च तुडुंब भरलं. मामाही आला आणि दाराशी भिंतीला टेकून उभा राहिला. आई बाकावर होती, मी खाली तिच्या पायांशी. साहेब आत आले तसे काका लगबगीने पुढे झाले आणि आईसमोर हात जोडून उभे राहिले.

"बाई, उठता न?"

सगळ्या मंडळीसमोर भांडायची माझी तयारी होती. मी तोंड उघडलंसुद्धा, पण आईने माझ्या खांद्यावर हात ठेवून जोराने दाबला. दुसरा हात तिने बाकावर टेकला. मला वाटलं, उठतेय. माझा जीव तुटला.

ती सरकली. बाकाच्या एका टोकाला गेली आणि रिकाम्या झालेल्या जागेवर तिने पदराने एक फटका मारला.

"या साहेब. जागा हाये."

साहेबांना मराठी चांगली यायची. ते हसले, "आभारी आहे, बाई," म्हणाले आणि तिच्या शेजारी बसले.

काका तसेच उभे होते. हात अजून जोडलेलेच, पण आता ते कोणासमोर जोडले आहेत हे त्यांनाही कळत नसावं. आईने दुसऱ्या बाकाकडे बोट केलं.

"भाऊ, तुमी बी बसा."

काकांनी साहेबांकडे पाहिलं, पाळकांकडे पाहिलं, मग बसले. पण अगदी कडेला, अर्धं अंग बाकाबाहेर.

"नीट टेकून बसा न," आई म्हणाली. "आपलंच हाये."