कमीत कमी चेहरा

विसरवाडीला बस बदलताना मी हायवेवरच्या ज्या हॉटेलात चहा पितो, तिथल्या वेटरला मी कितीतरी वर्षं हसताना पाहिलं नव्हतं. राग नाही, दुःख नाही, धुतलेल्या ताटासारखा कोरा चेहरा. चहा मात्र त्याने कधी बशीत सांडला नाही.

एकदा शेठ माझ्यासमोरच त्याला म्हणाले, "गिऱ्हाईकसंगे जरा हासीसन बोल ना भाऊ."

"शेठ, पगार कमीत कमी शे," तो शांतपणे म्हणाला, "म्हनीसन चेहरा बी कमीत कमी शे."

पुढे दुसरे दोन वेटर जास्त पगारासाठी सुरतेला निघून गेले, तेव्हा घाबरून शेठनी याचा पगार वाढवला. त्या सकाळपासून तो हसायला लागला. सगळे दात दाखवून, क्षणभरही न थांबता. ट्रकवाले गुपचूप आरशात स्वतःचं तोंड बघून यायचे. दहाव्याला निघालेल्या एका कुटुंबाला त्याने तसंच हसत शेवभाजी वाढली आणि ती माणसं अर्ध्या जेवणावरून उठली.

शेठनी हात जोडले. "थोडं कमी हास रे बाबा!"

"मंग पगार कमी व्हई का?"

शेठ गल्ल्याकडे वळून सुट्टे पैसे मोजायला लागले.

मला मात्र त्याच्यासाठी बरं वाटत होतं. तो चहा घेऊन आला तेव्हा मी विचारलं, "आता घरचेही खूश असतील ना?"

"नही सर," तो तसाच हसत म्हणाला. "हाई गिऱ्हाईकसनं हासू शे. ते घरी बी लई जाता येई इतला पगार अजून वाढना नही."